शिलाईच्या खोलीतला दिवा

लोणावळ्याजवळच्या वलवणच्या मावशी आमच्या फाटकाशी पाऊण तास उभ्या राहिल्या आणि तशाच परत गेल्या, हे मला स्टेशनजवळच्या दूधवाल्याकडून कळलं. मावशी म्हणजे माझ्या बायकोचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. सत्तरी ओलांडली तरी ब्लाउज शिवून घ्यायला लोणावळ्याहून लोकलने घोरावाडीला उतरतात. त्यांच्या मते लोणावळ्यात चिक्की चांगली मिळते, पण शिंपी एकही नाही. त्या सोमवारी नातीच्या लग्नाचे पाच ब्लाउजपीस घेऊन आल्या होत्या. घंटा वाजवली, पुन्हा वाजवली, हाका मारल्या. मी तळेगावात दाताच्या डॉक्टरसमोर तोंड उघडून बसलो होतो आणि माझी बायको आत, मागच्या खोलीत, मशीन चालवत होती. जाताना मावशी दूधवाल्याला म्हणाल्या, “बाईनं काम सोडलेलं दिसतंय. आमाला सांगायचं तरी.”

मी घरी येऊन हे जसंच्या तसं बायकोला सांगितलं. अर्धा जबडा बधिर होता, तरी सांगितलंच. गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही.

तिने माझ्या ओठांकडे बघत सगळं ऐकून घेतलं. मग हातातली शिवण पुरी केली, दोरा कापला, मशीनच्या खाचेतली धूळ ब्रशने झटकली आणि मशीनवर जुनी चादर टाकली.

“उर्श्याला माज्या भावजयीला फोन करा,” ती म्हणाली. “येत्या रविवारी टेंपो घिऊन या म्हनावं. मशीन तिला दिऊन टाकायचं.”

“अगं, एवढ्यावरून?”

“एवढ्यावरून न्हाई. मावशी हाये म्हनून कळलं. न कळलेल्या किती गेल्या आसतील?”

मी उर्श्याला फोन लावला.

बायकोचं ऐकणं कमी होत चाललंय हे कळायला मला फार वेळ लागला. नोकरीत असताना मी दिवसाचे बारा बारा तास स्टेशनात असायचो. या घोरावाडी-लोणावळा पट्ट्यातल्या बहुतेक स्टेशनांवर मी मास्तर म्हणून काम केलं आणि लोणावळ्याहून निवृत्त झालो. मग घरी बसलो. मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणायचो, “जरा फिरून येतो, येताना पालक आणतो,” आणि ती पाठमोरी, काही बोलायची नाही. मला वाटायचं, बाईसाहेब रागावल्यात. मग मलाही राग यायचा. पुढची दोन वर्षं आमच्या घरात मी रागावलेला होतो आणि तिला त्याचं कारण माहीत नव्हतं. शेवटी मुलीने नाशिकहून येऊन तिला डॉक्टरकडे नेलं तेव्हा खरा प्रकार समजला. त्या दिवशी मला स्वतःची जी लाज वाटली ती अजून पुरती गेलेली नाही.

कानाला यंत्र मिळालं. पण शिलाई मशीन सुरू झालं की त्या यंत्रातून नुसता घरघराट ऐकू येतो, म्हणून शिवताना ती ते काढून बटणांच्या डब्यात ठेवते. म्हणजे नेमकं काम करताना तिला काहीच ऐकू येत नाही. दार उघडं ठेवावं तर रस्त्याची धूळ दुसऱ्यांच्या रेशमावर बसते. पुढच्या खोलीत बसावं तर तिथे हवा तसा उजेड नाही. आणि मी दाराशी बसून राहावं, तर तिने स्पष्ट सांगितलं होतं, “जन्मभर गाड्यांला वाट दिली, आता फाटकवाला हुनार का तुमी?”

तिच्या दृष्टीने तो माझा अपमान होता. मला खरं तर चाललं असतं.

म्हणून मावशी परत गेल्या त्याच्या महिनाभर आधी मुलीने दोन वस्तू पाठवल्या होत्या. एक घंटेचं बटण, फाटकावर बसवायचं, आणि एक दिवा, मशीनसमोर ठेवायचा. बाहेर कुणी बटण दाबलं की आत दिवा लखलखायचा. मध्ये तार नाही, भिंत फोडायला नको. दोघंही घरातल्या वायफायवर चालतात आणि बाहेर कुठेही न जाता घरातल्या घरात एकमेकांशी बोलतात, असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. मी चष्मा लावून ते पत्रक तीनदा वाचलं आणि दोन्ही यंत्रं स्वतः बसवली. मोबाईलवर बटणापुढे हिरवी खूण आली. दिव्यापुढे हिरवी खूण आली. मी मुलीला फोन करून सांगितलं, काम फत्ते.

दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, “दिवा काय लागत न्हाई.”

मी म्हणालो, “तू बघितलं नसशील. मान खाली घालून शिवत असतेस.”

आठवड्याने पुन्हा म्हणाली. मी म्हणालो, “पिन नीट लावली नसशील.” तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी तिला मोबाईलवरची हिरवी खूण दाखवली आणि वर म्हणालो, “हे बघ, यंत्र काय खोटं बोलतं का?” त्यानंतर ती काही बोलली नाही. मला वाटलं, दिवा लागायला लागला.

आता मजा बघा. स्टेशन मास्तराच्या नोकरीत एक गोष्ट हाडात भिनवली जाते. गाडीबद्दल महत्त्वाचं काही पुढच्या स्टेशनाला फोनवर सांगितलं, की तिथला मास्तर आपल्या तक्त्यातला एक दोन आकडी नंबर आपल्याला सांगतो. त्याला आम्ही प्रायव्हेट नंबर म्हणतो. हे आकडे कसेही उलटसुलट असतात, म्हणजे कुणाला अंदाजाने ठोकून देता येत नाहीत. तो नंबर आपण वहीत लिहायचा, त्याने तो त्याच्या तक्त्यावर खोडायचा. नंबर आला तर निरोप पोचला. नाही आला तर आपण घसा फोडून ओरडलो असलो तरी निरोप पोचलेला नाही. सगळी नोकरी मी या एका नियमावर काढली, एकही गाडी चुकीच्या लाइनवर घातली नाही, आणि घरी आल्यावर हिरवी खूण बघून मोकळा झालो.

आमचं नवीन लग्न झालं तेव्हा आम्हाला प्लॅटफॉर्मच्या मागचंच क्वार्टर मिळालं होतं. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असायच्या आणि मी फोनवर बोललेलं सगळं तिला चुलीपाशी ऐकू यायचं. तिने ते नंबराचं प्रकरण बरोबर हेरलं. ती खिडकीतून हाक मारायची, “जेवाया चला!” मी नुसता “आलो” म्हटलं तर पुन्हा हाक यायची. मग मी “अडुसष्ट” असं काहीतरी म्हणायचो आणि आतून हसू ऐकू यायचं. बरीच वर्षं चालला तो खेळ. कधी थांबला ते मला सांगता येणार नाही, आणि तिने मशीनवर चादर टाकली त्या संध्याकाळी मला तो नेमका आठवला.

मी मावशींना वलवणला फोन लावला. माफी मागितली आणि पुढच्या सोमवारी नक्की या म्हणालो.

“शिवनार हाये ना बाई?” त्यांनी विचारलं.

“हो, म्हणजे काय!” मी म्हणालो, आणि फोन ठेवल्यावर घाम पुसला. रविवारी टेंपो येणार, सोमवारी मावशी येणार. मधल्या दिवसांत तो दिवा लागला पाहिजे होता. नाही लागला तर क्वार्टरमागून क्वार्टर आमच्याबरोबर फिरलेलं मशीन उर्श्याला जाणार होतं, आणि माझी बायको रिकाम्या हातांनी खिडकीशी बसणार होती. ते चित्र मला डोळ्यासमोर आणवेना.

मंगळवारी मी पहिल्यांदा स्वतः तपासलं. बायकोला फाटकाशी पाठवलं आणि मी दिव्यासमोर खुर्ची टाकून बसलो. तिने दाबलं. दिवा ढिम्म. तिने आणखी चार वेळा दाबलं. दिवा ढिम्म. ती आत आली, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि “व्हय ना?” एवढंच म्हणाली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

बुधवार, गुरुवार मी त्या यंत्रांवर डाफरण्यात घालवले. बटणाची बॅटरी बदलली. दिवा काढून पुन्हा लावला, तासभर बंद ठेवून पुन्हा सुरू केला. मुलीला फोन केला, तर ती म्हणाली, “बाबा, दोन्ही एकाच वायफायवर आहेत ना?” मी जवळजवळ ओरडलोच, “अगं, घर एकच आहे, वायफाय दुसऱ्याचं कसं असेल?” तिला मीटिंग होती. तिने फोन ठेवला.

शुक्रवारी माझ्या मोबाईलवर एक गंमत दिसली. मी नेहमी वरच्या मजल्यावर, गॅलरीत बसतो. तिथे बटण “चालू” दिसत होतं आणि दिवा “संपर्कात नाही” असं येत होतं. खाली येऊन बायकोचा मोबाईल उघडला, तर त्यात दिवा “चालू” आणि बटण “संपर्कात नाही”. वरच्याला वाटतंय खालचा मेला, खालच्याला वाटतंय वरचा मेला, आणि दोघंही ठणठणीत. मला हसू आलं, पण अर्थ लागला नाही.

शनिवारी बायको बाजाराला गेली आणि मी शेवटी जुन्या वळणावर आलो. सिग्नल बिघडला की आम्ही काय करायचो? शिव्या देत नव्हतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक तुकडा तपासत जायचो आणि लिहून ठेवायचो. मी वही काढली. आधी दिवा वरच्या मजल्यावर नेला आणि तिथल्या वायफायच्या डब्याला नव्याने जोडला. फाटकापर्यंत उतरलो, बटण दाबलं, धापा टाकत वर आलो, तर दिवा अजून लुकलुकत होता! मी त्या दिव्याला चक्क हात जोडले. मग तोच दिवा खाली मागच्या खोलीत आणला, तर वरचं वायफाय तिथे पोचेना. बरं, म्हणून बटण फाटकावरून काढून मागच्या खोलीत आणलं आणि दोघांनाही खालच्या मजल्यावरच्या डब्याच्या वायफायला जोडलं. दाबलं. दिवा लागला! बटण घेऊन फाटकाशी गेलो, तर खालचं वायफाय तिथवर येईना. वहीत लिहिलं: दोघे वर, ठीक. दोघे खाली, ठीक. एक वर, एक खाली, बंद.

हे लिहिलं आणि माझ्या हातातलं पेन थांबलं.

आमच्याकडे फायबर आलं तेव्हा राउटरचा डबा वरच्या मजल्यावर बसवला होता. तिथून मागच्या खोलीपर्यंत वायफाय पोचत नव्हतं, म्हणून दुसरा डबा खाली घ्यायचं ठरलं. जोडायला तळेगावहून जो माणूस आला तो चाळिशीचा, शांत, नम्र. तो म्हणाला, “सर, दोन्ही डबे एकत्र जोडून देतो. सगळ्या घरात एकच नेटवर्क राहील.” आणि मी त्याला चांगलं दहा मिनिटं व्याख्यान दिलं. एकच लाइन कधी ठेवू नये. एकीवर बिघाड झाला तर सगळं ठप्प. रेल्वेत येणारी लाइन वेगळी, जाणारी वेगळी. एका लाइनवरचा दुसऱ्या लाइनवर येताच कामा नये, त्यातच सुरक्षितता आहे. मला दोन स्वतंत्र नेटवर्कं पाहिजेत. मी त्यांना नावंही दिली, वरच्याला अप आणि खालच्याला डाऊन. बायको चहा घेऊन आली होती, ती म्हणाली, “तुमच्या रेल्वेत अप म्हंजी मुंबईकडं ना? मुंबई काय माळ्यावर हाये?” तो माणूस हसू दाबत म्हणाला, “सर म्हणतील तसं.” आणि त्याने सर म्हणाले तसं करून दिलं.

त्यातही खरी गंमत अशी की रस्त्यावरून येणारी फायबरची तार एकच. ती तुटली की अपही बंद आणि डाऊनही बंद. हे असं दोनदा होऊनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

म्हणजे गॅलरीखालच्या फाटकावरचं बटण अपवर होतं आणि मागच्या खोलीतला दिवा डाऊनवर. एका लाइनवरचं दुसऱ्या लाइनवर येऊ नये अशी पक्की व्यवस्था मीच केली होती, आणि ती व्यवस्था इमानाने काम करत होती. यंत्रांचा काही दोष नव्हता. बायकोच्या पिनेचा तर मुळीच नव्हता.

मी पायरीवर बसून राहिलो. एवढं सुटल्यासारखं मला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. बिघाड सापडला होता, दुरुस्त होणारा होता, आणि अजून एक दिवस हातात होता. पण लगेच दुसरा विचार आला, आणि तो लिहायला मला आवडत नाही, तरी लिहितो. वाटलं, उद्या त्या माणसाला बोलावून गुपचूप नीट करून घ्यावं आणि बायकोला सांगावं, “नेटवर्कचा प्रॉब्लेम होता.” ते अगदीच खोटंही झालं नसतं.

बायको बाजारातून आली, पिशव्या ठेवल्या, पंख्याखाली बसली. बाजाराच्या गोंगाटात काढून ठेवलेलं कानाचं यंत्र तिने पिशवीतून काढून पुन्हा कानात घातलं. मी तिच्यासमोर स्टूल ओढून बसलो आणि तिच्या डोळ्यांकडे बघत सगळं सांगितलं. अप, डाऊन, व्याख्यान, हिरवी खूण. “तू तीनदा सांगितलंस आणि मी तीनदा तुलाच वेड्यात काढलं,” असंही म्हणालो.

तिने पदराने कपाळावरचा घाम पुसला.

“म्हंजी माजं काय चुकलं न्हवतं,” ती म्हणाली.

“काहीच नाही.”

“मला वाटाया लागलं व्हतं, आता डोळं बी चाललं का काय. दिवा लागतोय आन आपल्याला दिसंना. कुनाला सांगितलं न्हाई म्या.”

हे मला माहीत नव्हतं. तीन आठवडे ती ही भीती घेऊन त्या दिव्यासमोर बसत होती आणि मी तिला हिरवी खूण दाखवत होतो. मी नुसता तिचा हात धरला. तिने थोडा वेळ धरू दिला आणि मग म्हणाली, “बास आता. भाजी निवडायचीय.”

रविवारी सकाळी मी त्या माणसाला फोन केला. सुट्टी असूनही तो आला. मी त्याला दारातच सांगून टाकलं की तुमचं बरोबर होतं आणि माझं चुकलं होतं. आता हा म्हणणार, “मी तेव्हाच सांगत होतो,” म्हणून मी तयारीत उभा होतो. तो काही म्हणाला नाही, याबद्दल मी त्याचा आभारी आहे. खालच्या डब्याची तार त्याने एका भोकातून काढून दुसऱ्यात घातली, मोबाईलवर काहीबाही बदललं आणि दोन्ही डब्यांना एकच नाव दिलं. “आता खालचा डबा स्वतःचं वेगळं नेटवर्क बनवणार नाही, वरच्याचंच पुढे नेईल,” तो म्हणाला. सगळं मिळून पंधरा मिनिटं लागली. नाव काय देऊ विचारलं, तर बायकोने आतून सांगितलं, “काय बी द्या, पर रेल्वेचं नगं.”

मग परीक्षा. बायको फाटकाशी गेली, मी मशीनसमोर बसलो. आणि दिवा लागला. पांढरा स्वच्छ उजेड, एकदा, दोनदा, तीनदा. मशीनवरच्या चादरीवर पडत होता, भिंतीवर पडत होता, कात्रीवर चमकत होता. मी बघतच बसलो. डोळे भरून आले. हसू नका, बिघाड सापडल्यावर भले भले रडलेले मी पाहिलेत.

दिवा लागतच राहिला. पाच वेळा, सहा वेळा. मग दार आपटलं आणि बायको आत आली ती तणतणतच.

“मी बाहेर दाबतेय दाबतेय, आन तुमी आत बसून काय करताय? लागला का न्हाई ते सांगायचं कुनी?”

“लागला!” मी म्हणालो. “लागला ना!”

“मला बाहेर कसं कळावं?”

बरोबर होतं तिचं. निरोप पोचला होता आणि मी नंबर दिला नव्हता. मावशींना त्या फाटकाशी पाऊण तास कसं वाटलं असेल ते तिला एका मिनिटात कळलं, आणि तिच्यामुळे मला.

चार वाजता उर्श्याची भावजय टेंपो घेऊन आली. बायकोने तिला शिरा खाऊ घातला आणि सांगितलं की मशीन काही देत नाही. भावजय म्हणाली, “आक्का, मी काय मागितलं व्हतं व्हय? तुमीच बोलवलं.” पण टेंपो रिकामा कशाला न्यायचा म्हणून ती आमचा जुना कूलर घेऊन गेली. तो कूलर बंद आहे हे मी सांगत होतो, पण शिऱ्याच्या भरात कुणी ऐकलं नाही.

सोमवारी मावशी आल्या. मी मुद्दाम वरच्या गॅलरीत पेपर घेऊन बसलो होतो आणि खाली उतरायचं नाही असं स्वतःला बजावलं होतं. मावशींनी फाटकावरच्या बटणाकडे संशयाने पाहिलं आणि दाबलं. खाली मशीनचा आवाज चालू होता, तो थांबला. मी पेपर खाली ठेवला. दाराची कडी वाजली.

“आगं बया, हायेस व्हय तू!” मावशी म्हणाल्या. “मला वाटलं, गेली ही न सांगता.”

“मी कुटं जातीया, मावशी? दिवा लागला की आले.”

“कसला दिवा?”

मग दोघी आत गेल्या आणि मावशींना तो दिवा तीन वेळा दाखवण्यात आला. एकदा तर मावशी स्वतः मशीनसमोर बसल्या आणि माझी बायको फाटकाशी जाऊन दाबून आली. पाच ब्लाउजांची मापं घ्यायला त्यांना दीड तास लागला. त्यातला तासभर हसण्यात गेला, हे मला वर ऐकू येत होतं. निघताना मावशींनी वर बघून मला सांगितलं, “भाऊ, बाईला नजर लागंल, जपा.”

मावशींना स्टेशनवर सोडून मी नेहमीसारखा जरा लांबचा फेरा मारला, पालक घेतला आणि रोजच्या वेळेला घरी आलो. खिशात किल्ली होती. गेली कित्येक वर्षं मी किल्लीनेच आत येतो. येतो, चपला काढतो, आणि ती दचकते. ती दचकली की मी चिडायचो, “अगं, मीच आहे!” त्या दिवशी मी हात किल्लीकडे नेला आणि पुन्हा मागे घेतला. फाटकावरचं बटण दाबलं.

आत मशीन थांबलं. मी पालकाची जुडी हातात धरून उभा राहिलो. दार काही उघडलं नाही. वाटलं, पुन्हा बिघडलं की काय. मग मागच्या खोलीची खिडकी उघडल्याचा आवाज आला, आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा जरा जास्तच मोठ्या आवाजात माझी बायको सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडली, “अडुसष्ट!”

मी खिशातून पेन काढलं आणि पालकाच्या जुडीभोवती गुंडाळलेल्या कागदावर तो नंबर लिहून घेतला.